घर क्रमांक चौदा, पेटी क्रमांक तीन

"गावातील मधमाश्यांमध्ये पसरलेल्या रोगाचा उगम घर क्रमांक चौदाच्या परसातील मधपेट्यांत असून, सदर रोग पेट्यांच्या मालकिणीची अस्वच्छता व अज्ञान यांमुळे फैलावला, असे सखोल चौकशीअंती सिद्ध झाले आहे. सबब सदर घरातील सर्व पेट्या आठ दिवसांच्या आत जाळून नष्ट कराव्यात व यापुढे मालकिणीने मधमाश्या पाळू नयेत."

हा मजकूर मधउत्पादक सोसायटीच्या निरीक्षकांचा. खाली सही, सहीखाली शिक्का, आणि तो नीट उमटला नाही म्हणून त्यावर आणखी एक शिक्का. विधानावर दोन शिक्के मारल्याने ते दुप्पट खरे होत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात असते. सोसायटीत तो धडा बहुधा ऐच्छिक ठेवला असावा.

आता एकेक शब्द घेऊ. 'सखोल चौकशी' अकरा मिनिटे चालली. त्यांतली चार मिनिटे साहेबांचे हातमोजे चढवण्यात आणि तीन उतरवण्यात गेली. उरलेल्या चार मिनिटांत त्यांनी परसाच्या फाटकाबाहेरून सहा पेट्या मोजल्या आणि कागदावर सात लिहिल्या. 'उगम' हा निष्कर्ष यावरून काढला की रोगाची पहिली खबर घर क्रमांक चौदाने दिली. म्हणजे गल्लीत आग लागल्याचे जिने ओरडून सांगितले, तिच्याच पदरात काडेपेटी टाकायची. 'अस्वच्छता' आणि 'अज्ञान' या दोन शब्दांकडे सावकाश येऊ, कारण ते ज्या बाईला उद्देशून वापरले आहेत ती माझी थोरली वहिनी आहे. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीवरून गेली बावीस वर्षे मी तिचे काम पाहत आलो आहे.

गाव तिला माशीवाली म्हणते. रोग येण्याआधी नऊ पेट्या, परसाच्या पूर्वेच्या कडेला, विटांच्या ओट्यांवर. उन्हाळ्यात पसरट परातीत पाणी आणि पाण्यात खडे, म्हणजे माशीला उभे राहायला जागा. पावसाळ्यात फुले नसतात तेव्हा साखरेचे पाणी, तेही वरचे झाकण बोटभर सरकवून, आतल्या पोळ्यांच्या चौकटींना हात न लावता. थंडीत दाराची फट लाकडी पट्टीने अर्धी करायची, मोहरी फुलली की पट्टी काढायची. पेटी उघडण्याची पटाशी एका पेटीपासून दुसरीकडे नेताना चुलीच्या जाळातून फिरवायची. हात दर वेळी धुवायचे. मी एकदा भिंतीवरून म्हटले होते, "वहिनी, एवढं तर दवाखान्यातसुद्धा करत नाहीत."

"म्हणून तर तिथं माणसं मरतात, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही वाचा तुमचं पुस्तक. मध्ये बोलू नका, माश्या मोजायचं राहून जातं."

माश्या मोजते म्हणजे काय, तर दारापाशी बसून पाहते की किती जणी पायांना पराग लावून आत जातात. पराग जात असेल तर आत राणी अंडी घालते आहे आणि पिल्लांचे पोट भरते आहे. पेटी न उघडता पेटीची तब्येत सांगण्याची ही रीत. निरीक्षकसाहेबांनी हिला अज्ञान म्हटले. त्यांची स्वतःची रीत निराळी होती. ते दर महिन्याला तक्त्यात 'समाधानकारक' लिहीत, आणि त्यासाठी परसात येण्याची गरज पडत नसे.

साहेबांविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांचा माशीरोधक पांढरा पोशाख कायम इस्त्रीचा, विजारीला कडक घडी. बावीस महिन्यांच्या नोकरीत त्यांना एकही डंख झाला नव्हता, आणि ही गोष्ट ते कौशल्य म्हणून सांगत. गावाने त्यांचे नाव इस्त्री ठेवले. हे नाव पेट्या बनवणाऱ्या सुताराने शोधले. सुताराचे तोंड त्याच्या रंध्याइतकेच चालते. स्वतः तीन पेट्या पाळतो.

सोसायटीच्या अंगणात एक नमुना पेटी होती. शहरातल्या कारखान्यातून आणलेली, निळ्या रंगाची, आठ चौकटींची. आदर्श पेटी कशी असावी हे शेतकऱ्यांना कळावे म्हणून ती ठेवली होती, आणि पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून ठेवली होती पश्चिमेच्या उन्हात. सावली केली तर पाटी झाकली जायची. उन्हाळा संपेपर्यंत तिच्यात माश्या कमी आणि आदर्श जास्त अशी अवस्था आली. पावसाच्या तोंडावर बातमी आली की वरिष्ठ अधिकारी नमुना पेटी पाहायला येणार आहेत.

त्याच आठवड्यात, पाऊस लागण्याच्या आदल्या दिवशी, इस्त्रीसाहेबांनी गावातल्या आठ घरांची तपासणी काढली. एका दिवसात आठ घरे. बावीस महिन्यांत जे झाले नाही ते सूर्योदय ते सूर्यास्तात. सकाळी सर्वांत आधी आमच्या वहिनीचे फाटक वाजले. साहेबांच्या हातात झाकण लावलेला लाकडी खोका होता.

"बाई, मालकानं दहा पावलं लांब उभं राहायचं. नियम आहे."

"साहेब, आभाळ भरलंय. अशा हवेत पेटी उघडत नाहीत, पिल्लं गारठतात."

"नियमात हवेचं काही लिहिलेलं नाही."

"माश्यांनी नियम वाचलेत का, ते तरी बघा."

"मागं व्हा, बाई. दहा पावलं."

ती दहा पावले मागे गेली. साहेब पाठ करून तिसऱ्या पेटीवर वाकले. तीच तिची सर्वांत भरलेली पेटी होती. दाराशी कान नेला तर आतून जात्याची घरघर ऐकू यावी अशी. काय चालले आहे ते वहिनीला दिसले नाही, मलाही नाही. खोका आला तसाच गेला, तेवढ्याच वजनाचा. पटाशी जाळातून फिरवा, असे तिने लांबून सांगितले. साहेबांनी हातानेच नाही म्हटले. वेळ नव्हता, अजून सात घरे होती.

मग चार आठवडे पाऊस. वरिष्ठ अधिकारी छत्री धरून आले, नमुना पेटी पाहिली, चौकटी पिल्लांनी आणि मधाने ओथंबलेल्या पाहून थक्क झाले, साहेबांच्या पाठीवर थाप मारून गेले. पंधरा दिवसांपूर्वी जिच्यात मूठभर माश्या उरल्या होत्या ती पेटी एकाएकी कशी भरली, हा प्रश्न कोणाला पडला नाही. यशाला कोणी कारण विचारत नाही. कारणे फक्त अपयशाला द्यावी लागतात.

पाऊस उघडला तेव्हा वहिनी परसात दाराशी बसली आणि बराच वेळ उठली नाही. मग तिने भिंतीवरून हाक मारली.

"भाऊजी, इकडे या जरा. तिसरीत पराग जात नाहीये."

मी गेलो. तिने झाकण काढले आणि मान वळवली. सुताराच्या सरसाचे भांडे उन्हात राहिले की जो वास येतो, तो वास. पिल्लांच्या घरांवरची मेणाची झाकणे एरवी फुगीर आणि कोरडी असतात. इथे ती खचली होती, तेलकट, मध्ये सुईने टोचल्यासारखी भोके. तिने आगकाडी घेतली, गूल नसलेले टोक एका भोकात घातले आणि हळूच बाहेर ओढले. काडीबरोबर तपकिरी तार आली, बोटभर लांब, न तुटणारी.

"काय आहे हे?"

"सडकी," ती म्हणाली. "पिल्लं आतल्या आत सडतात. माहेरी एकदा बघितली होती, मी दहा वर्षांची असेन. बाबांनी चौदा पेट्या खड्ड्यात घालून जाळल्या. याला औषध नाही, भाऊजी. हा रोग लाकडात बसतो, मेणात बसतो, मधात बसतो. माणूस म्हातारा होईपर्यंत बसून राहतो."

ती पेटीतल्या चौकटी एकेक करून पाहत होती. पाचव्या चौकटीवर थांबली. ती चौकट उचलून तिने काठावर बोट फिरवले.

"ही माझी नाही."

तिच्या सगळ्या चौकटी सुताराने केलेल्या. तो कोपऱ्यात लाकडी खुंटी मारतो. खिळा गंजतो आणि माश्यांना ते आवडत नाही, असे त्याचे मत. या चौकटीला चारही कोपऱ्यांत खिळे होते, आणि खालच्या बाजूला निळ्या रंगाचा ओघळ. तिच्यात जिवंत पिल्लू एकही नव्हते. शेजारच्या दोन्ही चौकटींत निम्मी.

इथे मी सल्ला द्यायला हवा होता. पुरावा म्हणजे काय, तो कसा जपावा, यावर मी उभ्या आयुष्यात बरेच वाचले आहे. मी तोंड उघडेपर्यंत ती खड्डा खणायला लागली होती.

"वहिनी, ती एक चौकट ठेवा. दाखवायला लागेल."

"कुणाला दाखवू? तोवर शेजारच्या पेटीतल्या माश्या येऊन तिच्यातला मध लुटून नेतील. मग त्यांच्या घरात सडकी. मग सुतारभाऊंच्या घरात. तुमचा पुरावा राहील आणि गावात माशी राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे, एकही माशी बाहेर पडण्याआधी, तिने तिसरीचे दार बंद केले आणि पेटी खड्ड्यात ठेवून जाळली. चौथी आणि पाचवीही. त्यांच्यातही दोन-चार झाकणे खचलेली निघाली. मेण वितळायला लागले तेव्हा ती खड्ड्याच्या काठावर पदर तोंडाशी धरून उभी होती. रडत नव्हती, मोजत होती. राख झाल्यावर तिने त्यावर कोपरभर माती ओढली, हात धुतले, पटाशी जाळली, आणि ओल्या हातांनीच सोसायटीत जाऊन खबर दिली. मग तपासणी झालेल्या बाकीच्या सातही घरी जाऊन प्रत्येकाला काडीची परीक्षा शिकवली. सातही घरांत एकेक रोगट पेटी निघाली, सातही पेट्यांत एकेक खिळ्यांची चौकट. तिच्या सांगण्यावरून सातही जणांनी सगळे जाळून टाकले. अशा रीतीने गावातला एकूण एक पुरावा आमच्या वहिनीने स्वच्छतेपायी नष्ट केला, आणि दोन आठवड्यांनी तिच्यावर आरोप आला तो अस्वच्छतेचा.

सहा पेट्या उरल्या होत्या. सहाही निरोगी. आदेशाप्रमाणे त्या जाळायच्या होत्या, आणि बावीस वर्षांचे काम संपवून तिने माझ्यासारखे भिंतीआड बसायचे होते.

आदेशाच्या सातव्या दिवशी, सकाळी, सोसायटीच्या अंगणात सभा झाली. अध्यक्ष खुर्चीत, साहेब इस्त्रीत, गाव सतरंजीवर. मी घरून पाच पानांचे निवेदन लिहून नेले होते. वहिनीने ते माझ्या हातातून घेऊन घडी केली आणि त्यावर बसली.

"बोला, ताई," अध्यक्ष म्हणाले. ते सज्जन आहेत, म्हणजे शेवटी बोलणाऱ्याचे त्यांना नेहमी पटते.

"मी काय बोलू? ती निळी पेटी उघडा."

"नमुना पेटीचा इथे काय संबंध?" साहेब म्हणाले. "तिला वरिष्ठांचं प्रशस्तिपत्र आहे."

"मग भीती कसली? तिला माझ्यासारखा आदेश थोडाच आलाय?"

सुतार केव्हाच उठला होता. त्याने झाकण सरकवले आणि सतरंजीच्या पहिल्या तीन रांगा आपोआप मागे सरल्या. अध्यक्षांनी नाकाला उपरणे लावले. सरसाच्या भांड्याचा तो वास आता गावात सगळ्यांना पाठ होता.

"प्रशस्तिपत्राला जरा वास येतोय," सुतार म्हणाला. त्याने एक चौकट उचलली, उलटी केली, सुलटी केली. "आणि गंमत बघा अध्यक्षसाहेब. पेटी कारखान्याची. चौकटी माझ्या. ही बघा खुंटी. ही दुसरी. ही तर माझ्याच घरातली, काठावर धाकटीनं पेन्सिलीनं फूल काढलंय. साहेब, माझ्या लेकीचं फूल तुमच्या पेटीत कसं उगवलं?"

"दुरुस्तीला दिल्या असतील तुझ्याकडे."

"आठच्या आठ? पिल्लांसकट? मी सुतार आहे साहेब, सुईण नाही."

सतरंजीवर हशा पिकला. साहेबांच्या विजारीची घडी मात्र मोडली नाही. "हे सगळे अंदाज आहेत," ते म्हणाले. "कारखान्याच्या चौकटी या लोकांच्या पेट्यांत होत्या, याला पुरावा काय? कुठं आहेत त्या चौकटी? दाखवा ना."

प्रश्न रास्त होता. चौकटी आठ खड्ड्यांत राख होऊन पडल्या होत्या, आणि त्या तिथे पोचवणारी बाई सतरंजीवर माझ्या निवेदनावर बसली होती. अध्यक्षांनी घसा खाकरला. शेवटी साहेब बोलले होते, त्यामुळे त्यांना साहेबांचे पटू लागले होते.

तेव्हा वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही एवढं वाचता. इस्त्रीसाहेबांचं कधी काही वाचलंत का?"

खरे सांगायचे तर तो प्रश्न तिने कुचेष्टेने विचारला होता. पण मी वाचले होते. सोसायटीच्या व्हरांड्यात काचेचा फलक आहे. त्यात साहेबांचा छापील अहवाल दीड महिन्यापासून टाचलेला होता: 'नमुना पेटीचे विनाखर्च पुनरुज्जीवन'. वरिष्ठ येऊन गेल्याच्या आठवड्यातला, उत्तम निरीक्षकाच्या मानचिन्हासाठी पाठवलेला, म्हणजे रोग दिसण्याच्या तीन आठवडे आधीचा. गाव रोज त्या फलकासमोर उभे राहून पाऊस थांबण्याची वाट पाहत असे, काचेत पाहून केस नीट करत असे. मजकूर लपवायचा असेल तर तो अहवालात छापावा, इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. मी आदल्या संध्याकाळी तो वाचला होता आणि त्यावरच पाच पाने लिहिली होती.

मी वहिनीच्या आणि सुताराच्या कानात पान आणि जागा सांगितली. फलक त्यानेच बनवलेला. चार स्क्रू काढून त्याने तो काचेसकट उचलून आणला आणि साहेबांच्या पुढ्यात टेबलावर उभा केला.

"साहेब," वहिनी म्हणाली, "मला चष्मा नाही. मजकूर तुमचा, सही तुमची. दुसऱ्या पानावरचा मधला भाग तेवढा तुम्हीच वाचून दाखवा. मोठ्यानं. आणि दहा पावलं लांब उभं राहायला मला सांगू नका, ऐकू येत नाही."

स्वतःचे लिहिलेले वाचायला सांगितले की काही माणसांना मोह आवरत नाही. साहेबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि मानचिन्हाच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. दोन वाक्ये तो आवाज टिकला. तिसऱ्यात तो उतरला. चौथे वाक्य वाचताना अंगणात नमुना पेटीतल्या उरल्यासुरल्या माश्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

त्यानंतर काय झाले ते आधीच सांगून टाकतो, कारण त्या वाक्यांनंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. निळी पेटी दुसऱ्या दिवशी पहाटे जाळली. खड्डा वहिनीने खणून दिला, कारण किती खोल खणायचा हे सोसायटीत कोणाला माहीत नव्हते. आदेश रद्द झाला नाही. तो 'पुढील सूचनेपर्यंत स्थगित' आहे, आणि त्या स्थगितीच्या सावलीत सहा पेट्या आज चालू आहेत. यंदा मोहरी फुलल्यावर सहाच्या सात झाल्या; सुताराने पेटी दिली, खुंट्यांची. इस्त्रीसाहेबांना मानचिन्ह मिळाले, कारण ते अहवाल वाचण्याआधीच मंजूर झाले होते. त्यांची बदली मोठ्या भागात झाली आहे. तिथे अठ्ठावीस गावे आहेत आणि प्रत्येक गावात एक नमुना पेटी आहे. त्या भागाच्या सोसायटीला मी पत्र लिहिले. पोच आली, त्यावर दोन शिक्के होते. वहिनी म्हणाली, पत्रापेक्षा आगकाड्यांचा डबा पाठवायचा होता. मग तिने तो खरेच पाठवला, आत काडीची परीक्षा चार ओळींत लिहून.

साहेबांनी वाचलेला मजकूर असा. काना-मात्रेचाही फरक केलेला नाही:

"नमुना पेटी क्षीण झाल्याने मी तिच्यातील आठही रोगट चौकटी वाया न घालवता गावातील आठ सशक्त पेट्यांत स्वहस्ते एकेक करून घातल्या, व त्या बदल्यात तेथील भरलेल्या चौकटी नमुना पेटीसाठी घेतल्या. सशक्त माश्या रोगट पिल्लांना बरे करतील, असा माझा विश्वास आहे. वेळेची बचत व्हावी म्हणून हातमोजे व पटाशी मध्ये कोठेही धुतली नाही. या कामाचा आरंभ मी घर क्रमांक चौदा, पेटी क्रमांक तीन येथून केला, कारण संपूर्ण गावात तीच पेटी मला सर्वांत निरोगी व सर्वांत स्वच्छ आढळली."